आधी दात की आधी छाती

दातांच्या मॅडमनी पायानं बटण दाबून खुर्ची मागं कलती केली आणि माझी आई त्या खुर्चीतून अक्षरशः उसळून उठली. डोळे मोठे, तोंड उघडं आणि एका हातात माझा पदर घट्ट. मी म्हटलं, "अगं आई, काय झालं? अजून तोंडात चमचासुद्धा घातला नाही त्यांनी!" तिला बोलताच येईना. छातीतून ओलं लाकूड पेटवल्यासारखा सूं-सूं आवाज यायला लागला.

मॅडम तरुण होत्या, पण शांत. त्यांनी खुर्ची सरळ केली, आईला पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, आडवं झालं की दम कोंडतो का?"

आईनं मान हलवली.

"मग घरी झोपता कशा?"

"बसून," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत ही बाई उशी पाठीला लावून भिंतीशी बसलेली असायची, आणि मला वाटायचं तिला तसंच आवडतं. डोंगरातली माणसं, त्यांच्या सवयी वेगळ्या. बसून झोपते म्हणजे झोपतच नाही हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मॅडमनी हातमोजे काढले. "आज दात काढता येणार नाही. आधी छाती नीट करून आणा. छातीच्या डॉक्टरांनी चालेल म्हटलं की लगेच काढू."

झालं. इथून जो घोळ सुरू झाला तो मला आजही नीट क्रमानं सांगता येत नाही. तरी सांगते.

माझं माहेर घाटघरचं, नाणेघाटाच्या तोंडाशी. तिथं पावसाळ्यात घराघरांत धुकं शिरतं आणि चूल दिवसभर चालू असते. आईचं सगळं आयुष्य त्या चुलीपुढं आणि भाताच्या खाचरात गेलं. मी लग्न होऊन आले अवसरी खुर्दला. इथं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे पोरांची मेस चालवते. सकाळी पोह्यांपासून सुरुवात, ते रात्रीची भांडी घासेपर्यंत मला मान वर करायला वेळ नसतो. भाताची कापणी झाली तेव्हा भावाचा फोन आला, "आईचा खोकला काय थांबना. तिकडं दवाखाना जवळ हाये, तुझ्याकडं ठिव थोडे दिवस." मी म्हटलं, पाठव. आई आली ती एका पिशवीत दोन लुगडी, हिरड्याची पुडी आणि मिश्रीची डबी घेऊन.

मंचरला छातीचे डॉक्टर आहेत. त्यांनी आईला एका नळीत जोरात फुंकर मारायला लावली, तिला धड जमली नाही. मग चौकशी केली. चूल? हो. बिडी? छे, छे. तंबाखू? आईनं दाराशी उभ्या असलेल्या जावयाकडे बघितलं आणि पदर पुढं ओढला. मीच सांगून टाकलं, "मिश्री लावते. लहानपणापासून." तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना चोळायची. आमच्या डोंगरात पुष्कळ बायकांचा दिवस त्याशिवाय सुरू होत नाही. पण ती चारचौघांत लावायची नाही, आणि जावयासमोर तर नाहीच नाही. परसात, धुण्याच्या दगडाशी पाठ करून बसायचं आणि लावायची.

डॉक्टर म्हणाले, "मिश्री आजपासून बंद. तिच्या जागी आता ही पावडर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. घेऊन झाली की खळखळून चूळ भरायची. विसरायचं नाही."

त्यांच्याकडची नर्स एक छोटंसं प्लास्टिकचं मशीन घेऊन आली. त्यात औषधाची कॅप्सूल घालायची, मशीन पिळायचं, कॅप्सूल आत फुटते. पुढं तोंडाला लावून ओढायचं असतं, तेही तिनं दाखवलं असणार. पण नेमकी तेव्हाच आईला खोकल्याची उबळ आली, पदरात तोंड घालून ती वाकली, आणि माझा फोन वाजला, कारण मेसचा गॅस संपला होता. "कळलं ना आजी?" नर्सनं विचारलं. "कळलं," आई म्हणाली. आईला तर काय, सगळं कळतंच.

आणि बाईनं शब्द पाळला हो! मिश्रीची डबी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर फेकली. मला म्हणाली, "सोडली म्हंजी सोडली. तुज्या घरात ऱ्हायची तर तुजं ऐकाय नको?" मला इतका अभिमान वाटला की मेसच्या पोरांनासुद्धा सांगितलं. "बघा रे, माझी आई या वयात मिश्री सोडते आणि तुम्हाला साधी सिगारेट सुटत नाही." पोरं खाली बघून वरण ओरपायला लागली.

पण दम काही कमी होईना. उलट वाढला. पूर्वी परसातून आत येताना ती एकदा थांबायची, आता दोनदा थांबायला लागली. आणि वर दाताचं दुखणं उपटलं. खालच्या बाजूची दाढ हलत होती, तिच्या मुळाशी पू झाला, गाल फुगून टम्म. मिश्री होती तोवर म्हणे ठणका कळत नव्हता, आता सगळा एकदम कळायला लागला. शेजारच्या काकू आल्या आणि निकाल देऊन गेल्या, "मिश्री सोडल्यानंच दात गेला. तंबाखूनं कीड मरती. डॉक्टरला काय कळतंय?" त्यांच्याच घरातली दुसरी एक म्हणाली, "दाढ बिलकुल काढू नका. वरची काढली की डोळा जातो." मी म्हटलं, "अहो, खालची आहे." तर म्हणाली, "मग कान जात आसंल."

आई जेवेना. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्या घरात दोन वेळेला एवढी पोरं जेवतात, परातभर कणीक मळली जाते, आणि माझी आई कोपऱ्यात बसून वाटीभर पेज चमच्याचमच्यानं गिळते. भाकरी कुस्करून दिली तरी नको. लुगडं कमरेवर ठरत नव्हतं. ती दाढ निघाल्याशिवाय ती जेवणार नव्हती, आणि तिच्या अंगात जेवणाशिवाय आणखी किती दिवस काढायचं बळ आहे ते मला दिसत होतं. सांगायचं तर एवढंच होतं. बाकी सगळा नुसता गोंधळ.

म्हणून तिला मंचरच्या दातांच्या मॅडमकडे नेलं होतं. ते खुर्चीतून उसळणं त्याच दिवसाचं. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. खुर्ची सरळ करून मॅडमनी बॅटरी धरून आईचं तोंड तपासलं. मला जवळ बोलावलं. हिरड्यांवर आणि गालाच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग होते, आणि मधे मधे लाल, सोललेलं.

"हे कधीपासून?"

मला काय माहीत? आईच्या तोंडात कोण बघतं?

"मिश्री किती वर्षं?"

"जन्मभर."

मॅडम म्हणाल्या, "मिश्रीवाल्यांच्या तोंडात पांढरं दिसलं की आम्हाला नीट बघावं लागतं. आत्ताच घाबरू नका. पण आठ-पंधरा दिवसांत हे गेलं नाही तर थोडा तुकडा काढून तपासायला पाठवू." हिरड्यांना लावायला त्यांनी एक मलम दिलं आणि आम्हाला छातीच्या डॉक्टरांकडे धाडलं.

घाबरू नका म्हणे! तुकडा काढायचा म्हटल्यावर माणूस काय नाचेल? रिक्षात आई मला विचारत होती, "काय म्हनली गं ती?" आणि मी सांगत होते, "काही नाही, तोंड आलंय म्हणाली."

छातीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. छातीला नळी लावून ऐकलं, तोंड वाकडं केलं. "औषध नियमित घेतात ना?" मी पिशवीतून आणलेली रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. एकही कॅप्सूल चुकलेली नव्हती. ते गोंधळात पडले. "मग फरक पडायला हवा होता," म्हणाले आणि औषधाची ताकद वाढवून दिली. मी विचारलं, "दात काढायचा का मग?" तर म्हणाले, "काढायलाच हवा. तोंडातला पू असा साचलेला असला की त्यातले जंतू श्वासाबरोबर छातीत उतरतात. छाती भरते, न्यूमोनियासुद्धा होतो. दात स्वच्छ झाल्याशिवाय मी छाती कितीशी सुधारणार?"

"अहो, पण मॅडम म्हणतात छाती सुधारल्याशिवाय दात काढता येत नाही!"

"त्यांचंही बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

घ्या! दोघंही बरोबर, आणि मधल्या मधे माझी आई उपाशी. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. रात्री मी आमच्या ह्यांना सांगायला बसले. आधी दात काढायचा तर छाती हवी, छाती हवी तर आधी दात काढायचा, आणि ते पांढरं काय आहे ते दोघांनाही सांगता येत नाही, ते मिश्रीनं झालं म्हणावं तर मिश्री लावत होती तेव्हा तोंडाची कधी तक्रार नव्हती, सोडल्यावर सुरू झाली. सांगता सांगता मी मधेच थांबले, कारण काय म्हणत होते तेच मला आठवेना. हे म्हणाले, "तू आधी जेव." बाप्यांकडे सगळ्याला हेच औषध.

त्या दिवसांत मला एकच शंका खात होती. ही चोरून मिश्री लावते. लावतच असणार. नाहीतर दम का वाढेल? तोंड का येईल? एकदा सकाळी पोह्याचं पातेलं उतरवून मी परसात गेले, तर आई धुण्याच्या दगडाशी पाठमोरी बसलेली, आणि बोट तोंडात.

"सापडलीस!" मी ओरडले. "मला वाटलंच होतं!"

ती दचकली, पण बोट काही काढलं नाही. "औषीद लावती गं बाय," तशाच बोबड्या आवाजात म्हणाली. मी तिचा हात ओढून बघितला. बोट काळं नव्हतं, तंबाखूचा वास नव्हता. मलाच मेल्यासारखं झालं. मॅडमनी हिरड्यांना मलम दिलं होतं की, ते लावत असणार. "आयची झडती घेतीस व्हय?" ती म्हणाली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. मी काहीतरी पुटपुटले आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाले.

ताकद वाढवलेलं औषध सुरू झालं, आणि पांढरं आणखी पसरलं. जीभसुद्धा पांढरी. आता तिला पाणीही झोंबायला लागलं. हिरडा उगाळून लावला, तूप लावलं, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. भाऊ फोनवर म्हणाला, "वर आणून सोड तिला. हितं मोकळी हवा हाये." मी म्हटलं, "मोकळी हवा काय करायची, आत जात नाही तर?" आणि फोनवरच रडले. तो बिचारा तिकडे "हॅलो, हॅलो" करत बसला.

शेवटी माझं डोकं फिरलं. मेसला एक वेळ सुट्टी दिली, पोरांना म्हटलं वडापाव खा, आणि एकटीच मंचरला जाऊन छातीच्या डॉक्टरांच्या पुढ्यात उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मी काय पोस्टमन आहे का? त्यांचं तुम्हाला सांगायचं, तुमचं त्यांना सांगायचं. मला त्यातलं निम्मं कळत नाही, कळतं ते मी उलटं सांगत असेन. हा त्यांचा नंबर. तुम्ही दोघं बोला, माझ्यादेखत बोला." बाहेर बसलेले पेशंट माना उंच करून बघायला लागले. डॉक्टर जरा चपापले, मग हसले आणि त्यांनी फोन लावला.

दोघं चांगली दहा मिनिटं बोलली. ठरलं ते असं: खुर्ची कलती करायची नाही, बसल्या बसल्याच दाढ काढायची. सकाळी, जेव्हा तिचा दम जरा बरा असतो तेव्हा. एकच दाढ, बाकीचं नंतर बघू. आणि काढायच्या आधी तिथंच, मॅडमच्या समोर, छातीचं औषध घ्यायचं. मशीन सोबत आणायला विसरायचं नाही. एवढंसं ते! हे आधीच बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण जाऊ दे.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो. आई खुर्चीत ताठ बसली, पाय खाली सोडून, शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरीसारखी. मॅडमनी रक्तदाब बघितला, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, तो आकडा त्यांना फारसा आवडला नाही. म्हणाल्या, "आजी, आधी तुमचं छातीचं औषध घ्या. मग थोडं थांबू."

आई मला म्हणाली, "पावण्यांस्नी भाईर जाऊ दे."

"अगं, पंप ओढायला कसली आलीय लाज?"

"जाऊ दे म्हनते ना."

आमचे हे गुपचूप बाहेर जाऊन बसले. आईनं पिशवीतून मशीन काढलं. कॅप्सूल घातली, सराईतासारखं पिळलं, टक्क वाजलं. मला बरं वाटलं, चला, येतंय हिला. मग तिनं मशीन उघडलं, डाव्या तळहातावर उलटं केलं, ठोकून ठोकून सगळी पावडर काढली, तर्जनी त्यात बुडवली आणि ओठ मागं सारून हिरड्यांना चोळायला सुरुवात केली. आधी वर, मग खाली. मनापासून. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, काही सुटू नये अशी.

मॅडमच्या हातातला चिमटा तसाच हवेत.

"आजी," शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रोज असंच घेता?"

आईनं तोंडातलं बोट न काढता मान हलवली. मग जरा वेळानं, थुंकी सांभाळत म्हणाली, "एक दिस सुटला न्हाई. इचारा हिला. दोन्ही टायमाला घेती. बराच येळ तोंडात धरती आन् मग चूळ."

"अगं आई!" हसू येत होतं की रडू, तेच कळेना. "अगं, ते छातीत ओढायचं असतं! श्वासाबरोबर! ते दातांना चोळायचं नसतं!"

"तर तर!" आई उलटून म्हणाली. "मिश्रीच्या जागी घ्या म्हनले का न्हाई डाक्टर? तुज्यादेखत म्हनले. आन् वर चूळ भरा म्हनले. छातीत ओढायचं औषीद आसतं तर चूळ कशाला भरायला लावली आसती? छातीला कोन चूळ भरतं?"

तिचं कुठं चुकलं ते मला अजून दाखवता येत नाही.

"मला बाई शंका आली व्हती," आई मॅडमना समजावून सांगायला लागली, "गोडुस लागतंय, मिश्रीवानी चढत न्हाई. पर म्हनलं, डाक्टरची मिश्री आशीच आसंल. ते मशीन मातर फोडायला लई चांगलं हाये. नखानं फुटत न्हाई ती गोळी."

मॅडमनी तोंड वळवलं, मास्कच्या आत त्या हसत होत्या बहुतेक. मग त्यांनी स्टूल ओढलं, आईच्या समोर बसल्या आणि मला समजावलं. हे औषध छातीत गेलं तर श्वासनळ्या लगेच मोकळ्या करतं, सूज उतरवतं, पण तोंडात साचून राहिलं तर तिथं बुरशी धरते. चूळ सांगतात ती त्यासाठीच, तोंडात जे राहील ते धुऊन टाकायला. आईच्या बाबतीत छातीत काहीच गेलं नव्हतं आणि तोंडात सगळं. औषधाची ताकद वाढवली तसं पांढरं वाढलं. "हे बहुतेक तेच आहे," त्या म्हणाल्या. "थेंब देते, जायला हवं. तरी मी बघत राहीन." मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

दाढ त्याच दिवशी निघाली, बसल्या बसल्या, आणि पुढं थेंबांनी ते पांढरंही गेलं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्या दिवसातलं मला जे आठवतं ते दाढ नाही.

मॅडमनी आईला चूळ भरायला लावली आणि एक रिकामं मशीन घेऊन दाखवलं. आधी श्वास सगळा बाहेर सोडायचा. मग ओठ घट्ट धरून जोरात आत ओढायचा. मग जमेल तेवढा रोखायचा. आईनं नवी कॅप्सूल घातली, पिळली, तोंडाला लावली आणि चूल फुंकतात तशी जोरात फुंकर मारली. सगळी पावडर मॅडमच्या मास्कवर. मी "आई!" म्हणून ओरडले. मॅडम म्हणाल्या, "असू दे, असू दे. आजी, फुंकायचं नाही. सरबत ओढता ना नळीनं, तसं."

"नळीनं कोन पितंय सरबत?" आई म्हणाली.

"बरं, गरम चहा बशीतून ओढता ना, सुर्रकन?"

हे तिला पटलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा नवी कॅप्सूल घालून तिनं डोळे मिटून असं ओढलं की मशीनमध्ये भिरभिर आवाज झाला. लगेच खोकला आला, पण थोडाच. मॅडमनी तोंड धुवायला लावलं आणि म्हणाल्या, आता दहा-पंधरा मिनिटं शांत बसू.

त्या दुसऱ्या पेशंटशी बोलायला बाहेर गेल्या. मी आईच्या शेजारी बसून मनातल्या मनात हिशोब मांडत होते. म्हणजे मिश्रीचा दोष नाही, की आहे? दातानं छाती बिघडली, की छातीच्या औषधानं तोंड? डॉक्टरांचं चुकलं, नर्सचं चुकलं, आईचं चुकलं, की तो गॅसचा फोन नेमका तेव्हा आला त्याचं? कितीही उलटंपालटं केलं तरी हिशोब लागेना. आई मात्र एकदम गप्प झाली होती. एरवी ती खोकून तरी असायची, कण्हून तरी असायची. आता काहीच नाही. तिनं हात छातीवर ठेवला होता आणि समोरच्या भिंतीकडे एकटक बघत होती.

मी घाबरले. "आई, काय होतंय? दुखतंय का छातीत?"

तिनं हातानंच थांब म्हटलं. नाकानं श्वास आत घेतला. घेतच राहिली, घेतच राहिली. तो संपेना तशी तिचे डोळे मोठे व्हायला लागले. मग तो सोडला, आणि पुन्हा घेऊन बघितला.

मॅडम ट्रे घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांनी आईच्या बोटाला पुन्हा चिमटा लावला, आकडा बघितला आणि समाधानानं मान हलवली.

"बाय," आई मला म्हणाली, "येवढा आसतो व्हय गं श्वास?"

"म्हणजे?"

"म्हंजी तुला रोज येवढा येतो?"

"हो," मी म्हटलं.

"आन् ह्या बाईंना?"

"सगळ्यांनाच येतो गं, आई."

तिनं आणखी एकदा श्वास आत घेतला, खात्री करून घ्यावी तसा.

"मला वाटायचं समद्यांचंच माज्यासारखं आसतं," आई म्हणाली, "आन् कुनी बोलून दावत न्हाई."